पुढचा जिना, मागचा जिना

दादर-माटुंग्याच्या जुन्या इमारतींना सहसा लिफ्ट नसते, आणि याचं मूळ प्लेगात आहे. १८९६ साली मांडवीच्या गोदामांच्या आसपास उंदीर मरून पडू लागले. पाठोपाठ माणसं मरू लागली आणि अर्धी मुंबई गावाकडे पळाली. रोगाचं खापर अंधाऱ्या, कोंदट खोल्यांवर फुटलं. १८९८ साली सरकारनं बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. ट्रस्टनं जुन्या वस्त्या कापत प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते काढले आणि बेटाच्या उत्तरेकडच्या मोकळ्या जमिनीवर दादर, माटुंगा, सायन इथे आखीव वसाहती पाडल्या.

या वसाहतींचे नियम कडक होते. प्रत्येक खोलीत उजेड तिरका शिरलाच पाहिजे, यासाठी साडेत्रेसष्ट अंशांचा एक कोन ठरवला होता. साध्या हिशेबात सांगायचं, तर समोरची इमारत जेवढी उंच, त्याच्या निम्मं तरी अंतर मध्ये सोडायचं. पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी या भागांत उंचीची मर्यादा होती तळमजला आणि वर दोन मजले. एवढ्याला लिफ्ट कोण बसवणार? त्यामुळे मालक, भाडेकरू, पाहुणा, दूधवाला, पोस्टमन, सगळ्यांची वाट एकच, जिना. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत मुंबईतल्या वास्तुरचनाकारांनी आणि कारागिरांनी या एका वाटेवर जी मेहनत घेतली, तेवढी त्यांनी मध्यमवर्गीयाच्या दिवाणखान्यावरही घेतली नाही.

त्याआधीचा जिना म्हणजे गिरगाव-ठाकूरद्वारच्या चाळींचा. लाकडी, सरळसोट, शिडीपेक्षा थोडाच बरा. फळ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या, कठड्याऐवजी कुठेकुठे नुसता दोर, आणि उजेड असा की भरदुपारी पायरी चाचपडावी लागे. कोण आलं ते वरच्यांना चेहऱ्याआधी पावलांच्या आवाजावरून कळायचं. आग लागली, तर पहिला जळायचा तोही हाच जिना. चाळीत माणसाचा वावर जिन्यात नसून गॅलरीत असे. जिना हा फक्त वर पोचण्याचा त्रास होता.

दादरच्या ‘ब्लॉक’मध्ये हे उलटलं. स्वयंपाकघर, मोरी आणि संडास घरातच असलेला ‘सेल्फ-कंटेन्ड’ ब्लॉक आला, त्याला बंद होणारं दार आलं आणि गॅलरी गेली. इतिहासकार निखिल राव यांनी मुंबईच्या उपनगरांतल्या या राहणीवर सबंध पुस्तक लिहिलं आहे. दार लावून घेणारी ही कुटुंबं एकमेकांना भेटणार कुठे? जिन्यात. मंगळागौरीच्या बायका तिथेच खोळंबत, शाळकरी मुलं तिथेच बसून पत्ते कुटत, भाडेकरूंची भांडणंही जिन्याच्या मधल्या चौकावर उभं राहूनच होत. सामाईक म्हणावी अशी इमारतीत तेवढीच जागा उरली होती.

आता हा जिना बांधायचा कशाचा? भारतात पोर्टलंड सिमेंटचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन पोरबंदरला १९१४ साली सुरू झालं. १९२० च्या दशकात कारखाने इतके वाढले की सिमेंटला गिऱ्हाईक शोधायची पाळी आली. ‘इंडियन काँक्रीट जर्नल’ १९२७ पासून निघू लागलं. १९३६ साली बहुतेक मोठ्या कंपन्या एकत्र येऊन एसीसी ही कंपनी झाली. आरसीसीचं घर टिकाऊ, स्वच्छ, आगीला दाद न देणारं, हा प्रचार उद्योगानं धडाक्यानं केला. त्यात थोडी विक्रीकला होती, पण जिन्यापुरतं बोलायचं तर तो खराच होता. लाकडाला तुळई लागते, तुळईला आधार. काँक्रीटची तिरकी स्लॅब दोन टोकांवर टेकून मधे मोकळी उभी राहते, आणि लाकडात न परवडणारी गोष्ट करते, ती म्हणजे वळते.

हे वळण कागदावर काढणं सोपं. प्रत्यक्षात ते आधी सुताराला करावं लागे, तेही उलटं. गोल जिन्याचं सेंट्रिंग म्हणजे अरुंद फळ्या पंख्यासारख्या लावत तयार केलेला पोकळ साचा. फळी अर्धा इंच सरकली की पायरी वाकडी. मग हातानं वाकवलेल्या सळया, मग डोक्यावरून आलेली काँक्रीटची घमेली. पायऱ्यांचं माप मात्र तंतोतंत लागे. पायरीची उंची दुप्पट करून त्यात रुंदी मिळवली की चोवीस-पंचवीस इंच भरले पाहिजेत, हे सूत्र सतराव्या शतकातल्या ब्लोंदेल या फ्रेंच माणसाचं. सहा-साडेसहा इंच उंच आणि अकरा-बारा इंच रुंद पायरी या हिशेबात चोख बसते. दादरच्या जुन्या जिन्यावर दोन मजले चढूनही दम लागत नाही, त्याचं कारण जुन्या काळची हवा नव्हे. कारण हे गणित आहे.

मुंबईतल्या वास्तुरचनाकारांची ही पिढी बहुतांशी जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये तयार झालेली. इथल्या विद्यार्थ्यांनी १९१७ साली काढलेल्या संघटनेतूनच पुढे १९२९ पर्यंत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स उभी राहिली. गजानन म्हात्रे, ‘मास्टर, साठे आणि भुता’, ‘सुवर्णपटकी आणि व्होरा’ ही नावं तेव्हाच्या मुंबईला चांगली ठाऊक होती. ओव्हलसमोरचं एम्प्रेस कोर्ट म्हात्र्यांचं. त्यांच्या कामावर कामू अय्यर यांनी २००० साली एक पुस्तक संपादित केलं आणि एका विसरलेल्या माणसाला शहरानं पुन्हा ओळखलं. तोवर त्या इमारतींत जन्म काढलेल्यांनाही म्हात्रे हे नाव बहुधा ठाऊक नसावं.

इन्स्टिट्यूटनं १९३७ च्या नोव्हेंबरात टाउन हॉलमध्ये ‘आयडियल होम’ प्रदर्शन भरवलं. बारा दिवसांत लाखभर लोक येऊन गेले. पण आधुनिक जिना म्हणजे काय हे मुंबईकराला प्रदर्शनापेक्षा सिनेमागृहांनी शिकवलं असणार. रीगल १९३३ चं, इरॉस १९३८ चं. इरॉसच्या दर्शनी दालनात काळा-पांढरा संगमरवर, सोनेरी छटा, आणि वर जाणारे क्रोमियमच्या चकचकीत कठड्याचे संगमरवरी जिने. एका तिकिटात कारकुनालाही थोडा वेळ का होईना, हा थाट अनुभवता येई. तोच माणूस घर भाड्यानं घ्यायला निघाला की दारातल्या जिन्याकडे पाहून इमारतीची पत ठरवी. घरमालकांना हे चांगलं कळत होतं. संगमरवर परवडत नव्हता, क्रोमियमही नाही. म्हणून संगमरवराचा चुरा वापरला आणि क्रोमियमच्या जागी सागवान व लोखंड आलं.

चुऱ्याचा तो जिना म्हणजे मोझॅक. आता त्याला टेराझो म्हणण्याची पद्धत पडली आहे. स्वदेशीच्या जोरात १९२२ साली फिरोजशा सिधवा आणि त्यांचे पुतणे रुस्तम यांनी भारत टाइल्स ही कंपनी काढली, कारखाना उरणला. विलायती फरशीला तोडीस तोड माल इथे निघू लागला. पण जिन्याला तयार लादी क्वचितच चाले. पायरीचं टोक गोल, बाजूची पट्टी जिन्याबरोबर चढत जाणारी, चौकावर अर्धवर्तुळ. हे सगळं जागेवरच ओतावं लागे.

ओतण्याची रीत अशी. काँक्रीटच्या पायरीवर आधी खरबरीत थर. त्यावर पांढरं किंवा रंग मिसळलेलं सिमेंट आणि दगडाची खडी, मकराण्याची पांढरी, बडोद्याकडची हिरवी, कुठे काळी. दोन रंग एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मध्ये पितळेची किंवा काचेची बारीक पट्टी उभी करायची. काठाला बहुधा काळा किंवा मरून पट्टा, मधे पिवळसर. थर घट्ट दाबायचा आणि काही दिवस ओला ठेवायचा. या टप्प्याला पायरी पाहिली तर ती अगदी निराश करते, राखेच्या रंगाचा मळकट गिलावा. रंग बाहेर येतो घासाईत. सपाट खोलीत घासायला मशीन चालतं. पायरीच्या कोपऱ्यात ते शिरत नाही. तिथे माणूस उकिडवा बसून कार्बोरंडमचा दगड पाणी टाकत हातानं फिरवत राही, आधी जाडा दगड, मग बारीक. दुधासारखं पाणी पायऱ्यापायऱ्यांवरून खाली ओघळे. वर आलेली छिद्रं सिमेंटच्या पातळ राडीनं बुजवायची, पुन्हा ओलं ठेवायचं, पुन्हा घासायचं, शेवटी ऑक्झॅलिक ॲसिड आणि मेण. पाय घसरू नये म्हणून टोकाशी दोन-तीन खाचा. एका इमारतीच्या एका जिन्याला अशा चाळीस-पन्नास पायऱ्या, आणि प्रत्येकीचे दोन कोपरे.

या घासाईवाल्यांची नावं कुठल्याही इमारतीच्या कोनशिलेवर नाहीत.

कठड्याची गोष्ट लोहाराची. चपट्या पट्ट्या आणि सळया वाकवून उगवत्या सूर्याचे किरण, लाटा, कारंजं, पायऱ्यापायऱ्यांचे मनोरे अशी नक्षी केलेली असते. पॅरिसच्या १९२५ च्या प्रदर्शनातून जगभर गेलेली ही चिन्हं शिवाजी पार्कच्या एखाद्या तीन मजली इमारतीत पोचेपर्यंत इतकी आपली झाली होती की सूर्याच्या शेजारी ‘ॐ’ किंवा कमळ यायलाही कुणाची हरकत नव्हती. लोखंडावर सागवानी हातधरणी. सरळ भागाला फार कौशल्य लागत नाही. जिथे जिना वळतो आणि त्याच वेळी चढतोही, तिथला तुकडा वाकवून होत नाही. तो जाड ओंडक्यातून कोरून काढावा लागतो आणि सांधा असा जुळवावा लागतो की वरून तळवा फिरवला तर बोटाला कळू नये. ब्रह्मदेशी सागवानाची आवक युद्धात तुटली, सिमेंट-पोलादावर नियंत्रण आलं. १९४५ नंतरच्या इमारतींचे जिने त्यामुळे लगेच ओळखता येतात. मोझॅक आहे, पण रंग दोनच. कठड्यात सूर्य नाही, सरळ उभ्या सळया आहेत. त्यांतल्या काही फार देखण्या आहेत. तंगीनं केलेली कात्री नेहमीच वाईट नसते.

मरीन ड्राइव्हवर थाट निराळा. बॅकबेचा भराव गव्हर्नर लॉइड यांच्या काळात सुरू झाला, खर्च आवाक्याबाहेर गेला, वीर नरिमन यांनी त्यातला गैरव्यवहार चव्हाट्यावर आणला आणि योजना आखडती घ्यावी लागली. तयार झालेल्या जमिनीवर १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात इमारतींची रांग उठली. त्या उंच, म्हणून तिथे लिफ्ट आलीच. जाळीच्या पिंजऱ्यातली लिफ्ट मधे, भोवती गोल फिरणारा जिना. पण लिफ्ट आली की जिन्याचा मान कमी होतो. वर जाणारा माणूस जिना न बघता जातो. दादरच्या जिन्याला ही सवत नव्हती. त्याचा दर्शनी भाग बहुधा इमारतीच्या पुढ्यात, उभ्या बुरुजासारखा, तळापासून गच्चीपर्यंत काचेची किंवा सिमेंटच्या जाळीची एकच उभी खिडकी. दिवसा उजेड आत येतो आणि रात्री जिन्यातला दिवा रस्त्यावर पडतो.

इथवर सगळं छान. पण या इमारतींना आणखी एक जिना असे, आणि कौतुकाच्या लेखांत तो सहसा येत नाही.

तो मागच्या बाजूला. ओतीव लोखंडाचा, गोल गिरक्या घेणारा, पावसात गंजणारा, एका वेळी जेमतेम एक माणूस चढेल एवढा. त्याचं दुसरं टोक प्रत्येक मजल्यावर संडासाच्या मागच्या दाराशी किंवा तिथल्या चिंचोळ्या सज्जात उघडे. सफाई करणाऱ्यानं घरातून न जाता काम करून खाली उतरावं म्हणून त्याची योजना. मुंबईत टोपलीच्या संडासांची व्यवस्था जुनी. १८८८ च्या महापालिका कायद्यात त्यासाठी ‘हलालखोर’ कर नावाचाच कर होता. नव्या वसाहतींत जमिनीखालून मलवाहिन्या आल्या, साखळी ओढली की पाणी येऊ लागलं. मैला डोक्यावरून नेण्याचं कारण संपलं, तरी मागचा जिना नकाशात कायम राहिला, कारण संडासाचं भांडं घासायला माणूस लागे आणि तो माणूस स्वयंपाकघरातून गेलेला चालत नसे. संडास घरात घ्यायला तयार झालेल्या उच्चवर्णीय कुटुंबानं तो घेतानाच केलेली ही तडजोड. आधुनिक, स्वच्छ, शास्त्रीय म्हणून ज्याची जाहिरात झाली, त्याच घराच्या पाठीला जातिव्यवस्था लोखंडात ओतून बसवलेली होती.

पुढच्या आणि मागच्या जिन्यामागे एकाच वास्तुरचनाकाराचा हात होता, हे विसरून चालत नाही. त्यानं एकाच कागदावर दोन्ही काढले. १९५० च्या संविधानानं अस्पृश्यता संपवली, १९५५ साली तिच्याविरुद्ध कायदा आला. नव्या इमारतींतून मागचा जिना हळूहळू गळत गेला. जुन्यांत तो आहे. त्यावर तुळशीच्या कुंड्या आहेत, बंद पडलेली सायकल आहे, एसीचा बाहेरचा डबा आहे. बऱ्याच घरांत मागचं दार विटांनी बुजवून तिथे वॉशिंग मशीनची सोय केली आहे.

पुढचा जिना मात्र ऐंशी वर्षं जसाच्या तसा राहिला. त्याचं श्रेय कुणाच्या सौंदर्यदृष्टीला द्यायचं कारण नाही. ते भाडेनियंत्रणाचं आहे. १९४७ च्या कायद्यानं भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. मालकाला मिळणारी रक्कम जिन्यातला दिवा बदलायलाही पुरेना. त्यानं डागडुजी सोडली, पण मोडतोडही केली नाही. भाडेकरूला जागा सोडायची नव्हती. मोझॅकवर पिढ्यांचे पाय फिरले आणि तो उलट गुळगुळीत होत गेला. कठड्याला दर काही वर्षांनी तैलरंगाचा एक थर. गोदरेजचं कपाट वर चढवताना हमालांनी त्याला दिलेल्या चेमट्या त्या रंगाखाली दिसतात. हातधरणीवरून मुलं घसरत येत म्हणून मधेमधे ठोकलेली लाकडी बटणंही दिसतात. गणपती याच पायऱ्यांवरून वाजतगाजत उतरतो आणि तिरडीही याच जिन्यानं उतरते, कारण ज्या इमारतींना पुढे लिफ्ट बसली, तिथेही ती आडव्या माणसाच्या मापाची नाही.

जीर्ण इमारती कोसळू लागल्यावर १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला, उपकर आला. १९४० पूर्वीच्या इमारती ‘अ’ वर्गात, १९५० पर्यंतच्या ‘ब’, १९६९ पर्यंतच्या ‘क’. दुरुस्तीच्या नावाखाली जिन्यावर जे झालं ते कधीकधी गळतीपेक्षा वाईट. हल्ली सोसायट्या हौसेनं मोझॅकवर चकचकीत टाइल चढवतात. सगळ्या पायऱ्या सारख्याच जाड झाल्या, तरी पहिली पायरी टाइलच्या जाडीइतकी जास्त उंच होते आणि दाराशी टाइल नसेल तर शेवटची तेवढीच बुटकी. पाय वर्षानुवर्षं एक माप धरून चढत आलेला असतो. म्हातारी माणसं नेमकी तिथेच अडखळतात.

२०१८ साली ओव्हल आणि मरीन ड्राइव्हचा परिसर जागतिक वारसा झाला. व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको मिळून ९४ इमारती. दादर, माटुंगा, शिवाजी पार्क त्या यादीत नाहीत. २०१६ पासून ‘आर्ट डेको मुंबई’ ही संस्था शहरभरच्या अशा इमारतींची नोंद करते, त्यात उत्तरेकडच्याही येतात. पण नोंद म्हणजे संरक्षण नव्हे. आणि वारशाचे नियम बहुतेक श्रेणींत दर्शनी भागापाशी थांबतात. जिना पडतो आतल्या भागात.

पुनर्विकासात इमारत पाडायची ठरली की आधी येतो तो जुन्या लाकडाचा व्यापारी. दारं, खिडक्या, सागवानी हातधरणी तो घेऊन जातो. ती जोगेश्वरीला ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात जेवणाच्या टेबलाचे पाय होऊन निघते. कठडा वजनावर भंगारात जातो, नशीब असेल तर चोरबाजारात एखाद्या सजावटकाराच्या हाती लागतो आणि अलिबागच्या बंगल्यात खिडकीला बसतो. मोझॅकची पायरी कुणालाच नेता येत नाही. ती जागेवर ओतलेली, काँक्रीटला एकजीव झालेली. ब्रेकर लागला की खडीसकट राबीट होते आणि ट्रकमधून भरावाला जाते.

त्याच जागी उभ्या राहणाऱ्या टॉवरला जिना असतोच. अग्निसुरक्षेच्या नियमानं तो असावाच लागतो, आपोआप मिटणाऱ्या जड दारामागे. रहिवासी तो पाहतात ते लिफ्ट बंद पडल्यावर. खालच्या लॉबीत मात्र सध्या टेराझोची फॅशन आहे. पिवळसर जमिनीवर हिरवे, काळे, मरून ठिपके. मोरबीच्या कारखान्यांतून येणाऱ्या या टाइलवर ठिपके छापलेले असतात, दर चार-सहा लाद्यांनी तोच ठिपका त्याच जागी येतो. घासाई लागत नाही. पायरीच्या टोकाला गोलाई हवी असेल, तर ॲल्युमिनियमची पट्टी वेगळी चिकटवावी लागते.